सनई आणि सॅक्सोफोन

(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात काळेवाडी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानासाठी चिटणीसांनी मला 'आपली वाद्यपरंपरा' हा विषय नेमून दिला होता. विषय मोठा आहे आणि वेळ थोडा आहे. शिवाय माझ्या भाषणानंतर पंगत बसावयाची आहे, ही गोष्ट वक्त्याने विसरता कामा नये. म्हणून त्या विस्तीर्ण विषयाचा एकच कोपरा मी आज हाती घेणार आहे. आपले परंपरागत वादन आणि अमेरिकेतून आलेले जाझ संगीत ह्यांचा मेळ घालता येतो काय, पूर्वी तो कोणी घातला, आणि आपण तो घालावयाचा तर कोणत्या अटींवर घालावा, एवढ्याचाच विचार करू.

हा प्रश्न मी हवेतून आणलेला नाही. आपल्या वाद्यसाहाय्य निधीकडे यंदा जे अर्ज आले त्यांत एक अर्ज काळेवाडीतल्याच दोघा तरुणांचा आहे. ते दोघेही ह्या सभेत बसले आहेत, म्हणून नावे घेऊन त्यांना संकोचात टाकीत नाही. एकजण चाकणच्या कारखान्यात पाळीने काम करतो आणि श्रावणी सोमवारी व महाशिवरात्रीस वडिलांच्या शेजारी देवळात सनईला बसतो. दुसरा संबळ वाजवितो. निधीतून सॅक्सोफोन घेण्यासाठी साहाय्य मिळावे, सनई, संबळ आणि सॅक्सोफोन ह्यांचे जाझच्या अंगाने एकत्र वादन आम्ही बसवीत आहो, असे त्यांनी अर्जात स्वच्छ लिहिले आहे. ह्या अर्जावरून कार्यकारिणीत बरीच गरमागरमी झाली. देवाच्या दारचे वाद्य हॉटेलातल्या वाद्याच्या पंक्तीस बसविणार काय, असा एका ज्येष्ठांचा सवाल आहे. निधी पूर्वजांच्या स्मरणार्थ जमला आहे, त्यातून विलायती वाद्य घेणे म्हणजे श्राद्धाच्या पानावर पाव वाढण्यासारखे आहे, असे दुसरे म्हणाले. निर्णय पुढील बैठकीवर गेला आहे. मी कार्यकारिणीचा सभासद नाही, तेव्हा मला मत नाही. परंतु बोलण्याची संधी मिळाली आहे, ती मी वाया घालविणार नाही.

मी संगीतज्ञ नव्हे. मॅट्रिक झालो, शिक्षकाचे प्रशिक्षण घेतले आणि उभा जन्म प्राथमिक शाळेत काढला. संगीताशी माझा शासकीय संबंध रोजच्या प्रार्थनेपुरता आणि स्नेहसंमेलनातील समूहगीतांपुरता. परंतु गुरवाच्या घरी जन्मलेल्या माणसाच्या कानांवर पाळण्यात असल्यापासून चौघडा पडतो. त्या कानांच्या भरवशावर आणि जे काही वाचले-ऐकले त्याच्या आधारावर मी बोलतो.

प्रथम जाझ म्हणजे काय, ते पाहू. पुष्कळांची अशी समजूत आहे की, दिव्यांच्या झगमगाटात, पेल्यांच्या खणखणाटात जे काही कर्कश वाजते त्याचे नाव जाझ. हे खरे नाही. जाझचा जन्म अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स ह्या बंदराच्या शहरी, एकोणिसावे शतक सरून विसावे लागता लागता झाला, आणि तो झाला आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांच्या वंशजांत. त्या शहरात काँगो चौक नावाची मोकळी जागा होती. तेथे रविवारी गुलामांना जमण्याची, वाजविण्याची व नाचण्याची मुभा असे. पुढे गुलामी गेली, हातांत युरोपातील पितळी वाद्ये आली, आणि आफ्रिकेचा ठेका व युरोपची वाद्ये ह्यांच्या संयोगातून ही नवी गोष्ट उत्पन्न झाली. म्हणजे जाझ हे जन्मतःच मिश्रण आहे. त्यात आपण आणखी काही मिसळले तर त्याचे सोवळे मोडत नाही.

त्या शहरातील अंत्ययात्रेची रीत ऐकून मला नवल वाटले. प्रेत दफनभूमीकडे नेताना बँड मंद, शोकाच्या चाली वाजवीत जातो, आणि परतताना तोच बँड जलद, नाचऱ्या चाली वाजवू लागतो. आपल्याकडे पिकल्या पानाला टाळमृदंगाच्या गजरात पोहोचवितात, त्याचीच मला आठवण झाली. ज्या लोकांनी वाद्याला मरणाच्या वाटेवरही बरोबर घेतले, त्यांच्या संगीताला केवळ हॉटेलातले संगीत म्हणणे अन्यायाचे आहे.

आता त्याची रचना पाहा. जाझमधील 'ब्लूज' नावाच्या सर्वपरिचित प्रकारात चार-चार मात्रांचे १२ विभाग, म्हणजे ४८ मात्रांचे एक आवर्तन असते. वादकाने त्या आवर्तनात मनाला येईल तो विस्तार करावा, परंतु आवर्तन पुरे होताना ठरल्या जागी येऊन मिळावे. आपला वादक समेवर येतो म्हणजे दुसरे काय करतो? लिहून दिलेले वाजविणे हा युरोपीय संगीताचा धर्म. वाजविता वाजविता रचणे हा आपला धर्म, आणि जाझचाही. शिवाय ब्लूजमध्ये काही स्वर पियानोच्या पट्टीवर सापडत नाहीत, ते दोन पट्ट्यांच्या मध्ये कोठेतरी असतात. आपल्या कानाला त्यात काही अपूर्व वाटत नाही. आपले गंधार-धैवत पट्टीत बसत नाहीत म्हणूनच तर पेटीविरुद्ध एवढे रण माजले होते.

भेद मात्र आहे आणि तो मोठा आहे. आपल्याकडे एक षड्ज अखंड धरलेला असतो आणि राग त्याच्या आधारावर उभा राहतो. सनईवादकाच्या मागे सूर धरून बसणारा जो साथीदार असतो, त्याला लोक फुकट बसलेला समजतात. पण तो उठला तर राग कोसळेल. जाझमध्ये तळची भूमीच सरकत असते. अनेक स्वर एकदम वाजवून केलेले जे स्वरगुच्छ, ते विभागाविभागाला बदलतात. स्थिर षड्जावर उभा राहणारा मारवा किंवा तोडी अशा सरकत्या भूमीवर ठेवला तर त्याचा तोल जातो. मेळ घालणाऱ्यांपैकी निम्मे लोक ह्याच ठिकाणी फसले आहेत.

अमेरिकेतील जाणत्या वादकांना ही अडचण उमगली होती. १९५९ मध्ये माइल्स डेव्हिस ह्या ट्रंपेटवादकाने 'काइंड ऑफ ब्लू' ही ध्वनिमुद्रिका काढली. तिच्यात स्वरगुच्छांची धावपळ कमी करून एकाच स्वरसप्तकावर दीर्घकाळ रेंगाळण्याची रीत त्याने घेतली. त्याच मुद्रिकेत सॅक्सोफोन वाजविणारा जॉन कोल्ट्रेन पुढे आपल्या संगीताकडे इतका ओढला गेला की, १९६१ मध्ये त्याने 'इंडिया' नावाची रचना वाजविली आणि १९६५ मध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव पंडित रविशंकरांवरून रवी ठेविले. तो रवी आज स्वतः सॅक्सोफोनवादक आहे. म्हणजे आपण त्यांच्याकडे चाललो आहो, तसे ते आपल्याकडे अर्धी वाट केव्हाच चालून आले आहेत.

आता आपल्या बाजूची हकीकत. ती मुंबईत घडली आणि तिच्यात गोमंतकीयांचा वाटा सर्वांत मोठा आहे. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी व व्हायोलिन शिकवीत. हेतू धर्माचा होता, पण त्यातून स्वरलिपी वाचता येणारे वादक पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले आणि पोटासाठी मुंबईस आले. १९३५ मध्ये लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय वादक आपला जाझ बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक आला आणि हिंदुस्थानातच राहिला. १९४५ मध्ये कलकत्त्यास पटकीने त्याचा अंत झाला. ह्या मंडळींच्या संगतीने गोमंतकीय वादक जाझ शिकले. त्यांपैकी हळदोण्याचे आंतोनियु शाव्हियेर वाझ हे 'चिक चॉकलेट' ह्या नावाने ट्रंपेट वाजवीत, आणि त्यांना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

पुढे १९४९ चा दारूबंदीचा कायदा आला, हॉटेलांतील नाचगाण्यांचा धंदा मंदावला, आणि हे वादक चित्रपटांच्या वाद्यवृंदांत अधिकाधिक येऊ लागले. संगीत-दिग्दर्शक पेटीवर चाल म्हणून दाखवीत. ती स्वरलिपीत उतरविणे, पन्नास वाद्यांत वाटून देणे, मधल्या जागा भरणे, हे सर्व काम गोमंतकीय संयोजक करीत. पडद्यावर त्यांचे नाव 'साहाय्यक' म्हणून क्षणभर चमके, कित्येकदा तेवढेही नाही. आपल्या ज्ञातीतील सनई-संबळ वाजविणारांना हे दुःख समजावून सांगण्याची गरज नाही. लग्नपत्रिकेवर मामाचे, आत्याचे, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या बाळगोपाळांचेही नाव असते; सनईवाल्याचे कधी पाहिले आहे?

ह्या गोमंतकीयांना ज्याने मनापासून जवळ केले तो एक मराठी मनुष्य होता. रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र. जन्म १९१८, गाव नगर जिल्ह्यातील पुणतांबे. शिक्षण गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांपाशी. अशा शुद्ध आखाड्यात तयार झालेल्या माणसाने १९४७ मध्ये एका चित्रपटात विलायती वळणाची एक चाल दिली आणि ती गल्लोगल्ली गाजली. मौज अशी की, त्या चित्रपटाचे नाव होते 'शहनाई'! आपल्या सनईच्या नावाच्या चित्रपटातून ही पाश्चात्य हवा घरोघर शिरली. तेव्हा आज रागावणाऱ्या ज्येष्ठांनी आपला राग निदान पाऊणशे वर्षे मागे नेला पाहिजे.

१९५१ चा 'अलबेला' हा चित्रपट आपल्यापैकी पुष्कळांच्या आईवडिलांनी पाहिला असेल. नायक भगवान पालव, तेही आपल्या मुंबईच्या गिरणगावातले. त्यातील 'शोला जो भडके' ह्या गाण्यात बाँगो व ट्रंपेट आहेत, चिक चॉकलेट आपल्या बँडसह त्या चित्रपटात प्रत्यक्ष दिसतात. आणि त्याच चित्रपटात 'भोली सूरत' आहे, जिच्या ठेक्यावर भगवानदादांची पावले पडतात ती पाहिली की गणपतीपुढे नाचणारा कोणताही मराठी मुलगा ओळखीचा वाटतो. एकाच माणसाने एकाच चित्रपटात दोन्ही केले आणि दोन्ही आपलेच वाटले. १९५७ च्या 'आशा' चित्रपटातील 'ईना मीना डीका' ह्या गाण्यातील निरर्थक शब्दांत कोंकणीही मिसळलेली आहे. ते शब्द त्यांच्या वाद्यवृंदातील जॉन गोम्स ह्या गोमंतकीयाने सुचविले, असे सांगतात.

तरी माझ्या मते सी. रामचंद्रांचे हे काम फोडणीसारखे आहे. फोडणीने पदार्थाला स्वाद येतो, पण डाळ शिजविण्याचे काम फोडणी करीत नाही. तीन मिनिटांच्या गाण्यात वादकाला स्वतःचे काही रचावयास जागाच नसते, आणि रचणे हा तर जाझचा प्राण आहे. ती जागा चित्रपटाबाहेर शोधावी लागली. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस ह्यांनी १९५८ मध्ये इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढून मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयाच्या प्रांगणात रागांवर आधारलेल्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या. ते जाझ नव्हते, परंतु धाडस त्याच जातीचे होते. त्यांचे शिष्य प्यारेलाल ह्यांनी १९७७ मध्ये 'अमर अकबर अँथनी'तील गाण्यात गुरूचे नाव अजरामर केले. ऐकणाऱ्यांना मात्र ते विनोदी पात्राचे नाव वाटते. गोव्यात ख्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना ह्यांनी कोंकणी गाण्यांना जाझचा साज चढविला, तो इतका अंगी लागला की आज गोमंतकीय ती गाणी आपली लोकगीते असल्यासारखी गातात. ह्या दोघांच्या आयुष्याचा धागा घेऊन निघालेल्या 'नाचुंया कुंपासार' ह्या चित्रपटास २०१४ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत उत्कृष्ट कोंकणी चित्रपटाचा मान मिळाला.

१९६८ मध्ये शंकर-जयकिशन ह्यांच्या नावाने 'रागा-जाझ स्टाइल' ही ध्वनिमुद्रिका निघाली. ११ राग, रईस खाँ ह्यांची सतार, मनोहारी सिंग ह्यांचा सॅक्सोफोन, जोडीला तबला आणि ड्रम. मी ती अनेकदा ऐकली आहे. आनंद होतो, नाही असे नाही. परंतु सतार आपले म्हणणे मांडते, मग सॅक्सोफोन आपले मांडतो, आणि दोघे एकमेकांचे ऐकत आहेत असे क्वचितच वाटते. एखाद्या सभेत दोन वक्त्यांनी आपापली भाषणे वाचून दाखवावी, तसे ते होते. कलावती आणि बैरागी ह्या रागांत बात जमली आहे. त्यांत स्वर पाचच, म्हणून दोघांना हिंडावयास मोकळे रान मिळाले, असा माझा आपला तर्क आहे.

आता ज्या दोन उदाहरणांसाठी मी आज उभा राहिलो, त्यांकडे येतो.

पहिले आपल्या शेजारच्या कर्नाटकातील. कद्री गोपालनाथ, जन्म १९४९, दक्षिण कन्नड जिल्हा. वडील नागस्वरवादक. नागस्वर म्हणजे दक्षिणेतील देवळाचे मंगलवाद्य, आपल्या सनईचा थोरला भाऊच म्हणा. घराणे देवळातल्या वाद्यांचे, मुलाने तेच पुढे चालवावे हे ठरलेले. ह्या मुलाने म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये सॅक्सोफोन पाहिला आणि तो त्याच्या मनात भरला. विचार करा : आपल्या पंचांपुढे हे प्रकरण आले असते तर काय निकाल लागला असता? त्याच्या वडिलांनी मुलाला घराबाहेर काढले नाही. वर्षानुवर्षांच्या साधनेने त्याने त्या वाद्यावर शुद्ध कर्नाटक संगीत उतरविले.

हे किती कठीण, ते सनईवादकाला विचारावे. सॅक्सोफोन दिसावयास पितळी असला तरी तो मुळात पत्तीचा, म्हणजे आपल्याच कुळातला. आडोल्फ साक्स ह्या बेल्जियमच्या कारागिराने तो बनविला आणि १८४६ मध्ये पॅरिस येथे त्याचा एकाधिकार घेतला. आपल्या सनईला दुहेरी पत्ती, त्याला एकेरी. परंतु सनईची भोके उघडी असतात. बोट अर्धे सरकवून मींड काढता येते, श्रुती सांभाळता येते. सॅक्सोफोनची भोके झाकणांखाली असतात. कळ दाबली की झाकण मिटते, सोडली की उघडते, मधली अवस्था जवळजवळ नाही. जे काम सनईवर बोट करते ते तेथे ओठांनी आणि श्वासाने करावे लागते. गोपालनाथांनी वाद्यात आपल्या सोयीचे फेरफारही करून घेतले. १९८० मध्ये मुंबईच्या जाझ महोत्सवात अमेरिकेचे सॅक्सोफोनवादक जॉन हँडी ह्यांनी त्यांना ऐकले आणि बरोबर वाजविण्याची इच्छा दर्शविली. तेथून जाझवाल्यांशी त्यांची मैत्री सुरू झाली. १९९४ मध्ये लंडनच्या रॉयल आल्बर्ट हॉलमधील प्रसिद्ध प्रॉमेनाड मैफलींत त्यांना बोलावणे आले. २००४ मध्ये पद्मश्री मिळाली. २००८ मध्ये रुद्रेश महंतप्पा ह्या कन्नड वंशाच्या अमेरिकन वादकाबरोबर त्यांनी 'किन्समेन' नावाची मुद्रिका केली; किन्समेन म्हणजे भाऊबंद, आपल्या भाषेत ज्ञातिबांधव! एक देवळातून आलेला, दुसरा अमेरिकेत जाझ शिकलेला, दोघांच्या तोंडी एकच वाद्य. २०१९ मध्ये गोपालनाथ निवर्तले. त्यांच्यामुळे दक्षिणेतील नागस्वर बुडाले, असे मी कोठे ऐकले नाही.

लक्षात घ्या, त्यांनी जाझवाल्यांशी हातमिळवणी केली ती राग हाताशी पक्का आल्यावर. हँडींनी त्यांना बोलाविले ते कर्नाटक संगीत ऐकून. जाझची नक्कल ऐकून बोलाविले नाही.

दुसरे उदाहरण एका आईचे व मुलाचे आहे. ठुमरीच्या थोर गायिका शोभा गुर्टू मूळच्या बेळगावच्या, माहेरचे नाव भानुमती शिरोडकर. आपल्या लोकांना त्यांचा आवाज 'सामना' ह्या चित्रपटामुळेही ठाऊक आहे. त्यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू, जन्म मुंबईचा, १९५१. तबला घरात शिकले, मग जाझकडे वळले आणि युरोपात गेले. ते ड्रमवादक आहेत, पण स्टुलावर बसून पायाने ढोल ठोकणारे नव्हेत. जमिनीलगत बसून एका हाताशी तबला आणि दुसऱ्या हाताशी झांजा ठेवतात, आणि शेजारी पाण्याची बादली असते. वाजती झांज त्या पाण्यात बुडविली की तिचा नाद वाकतो, मींड घेतल्यासारखा. परदेशी श्रोत्यांना त्याचे मोठे अप्रूप वाटते. जलतरंग ऐकलेल्या माणसाला मात्र ही युक्ती कोणत्या घरातून निघाली ते तत्काळ कळते.

१९८८ मध्ये त्यांनी 'उस्फ्रेत' ही स्वतःच्या नावाची मुद्रिका काढली. बरोबर डॉन चेरी, राल्फ टाउनर ह्यांच्यासारखे जाझचे नामांकित वादक होते. आणि गावयास बोलाविले ते आपल्या आईला. तेथे ठुमरी गाणाऱ्या आईने जाझवाल्यांसाठी आवाज बदललेला नाही, ठसका बदललेला नाही. आणि मुलाने आईच्या गाण्यामागे मान खाली घालून केवळ ठेका धरलेला नाही. तो बोल म्हणतो, कोनाकोपऱ्यांतून निरनिराळे नाद काढतो, मधूनच थांबतो. आईला तो जागा देतो आणि स्वतःची जागाही सोडत नाही. सतार आणि सॅक्सोफोन ह्यांच्या त्या मुद्रिकेत मला जे उणे वाटले होते, ते येथे सापडले. एकमेकांचे ऐकण्यात ह्या मायलेकरांनी आयुष्य घालविले होते, त्याचा हा परिणाम असावा. शोभाताई २००४ मध्ये गेल्या. ज्यांना शक्य आहे त्यांनी ती मुद्रिका अवश्य ऐकावी. पहिल्या ऐकण्यात कदाचित डोके उठेल, दुसऱ्यांदा ऐकावी.

आता ज्येष्ठांच्या आक्षेपांकडे वळतो. देवाच्या दारचे वाद्य विटाळेल, हा पहिला. मी त्यांचा मान राखून विचारतो : सनई हा शब्द कोठला? फारसी 'शहनाई'चा. नगारा कोठला? अरबी 'नक्कारा'. आपला अवघा नगारखाना शब्दांसकट बाहेरून आला आणि देवाच्या दारात बसला. देवाने त्याला ऊठ म्हटले नाही. पेटी एकोणिसाव्या शतकात पॅरिसहून आली. १९४० मध्ये आकाशवाणीने तिला बंदी केली, ती १९७१ पर्यंत टिकली, आणि त्या सर्व काळात आपल्या देवळांतून पेटीवर भजने चाललीच होती. आज पेटी नसेल तर भजनीबुवा रुसतात. तंजावरचे आपले मराठे राजे दुसरे सरफोजी ह्यांच्या दरबारी दोनशे वर्षांपूर्वी पाश्चात्य पद्धतीचा बँड होता. १९८८ मध्ये दूरदर्शनवरून सुरू झालेले 'मिले सुर मेरा तुम्हारा' आपण सर्वांनी भक्तिभावाने ऐकले; ती भैरवी सजविण्यात अशोक पत्की ह्या मराठी संगीतकाराबरोबर लुई बँक्स ह्या जाझ पियानोवादकाचा हात होता. तेव्हा कोणी कान झाकून घेतले नव्हते.

दुसरा आक्षेप असा की, मुले सॅक्सोफोनच्या नादी लागतील आणि सनई सुटेल. ह्या भीतीत तथ्य आहे. परंतु सनई कोणामुळे सुटत चालली आहे, ते काळेवाडी, रहाटणी, थेरगावच्या मंगल कार्यालयांत जाऊन पाहावे. दाराशी सनई ऐकू येते, आत डोकावले तर वादक नसतो. बोटाएवढ्या यंत्रात साठविलेली बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई ध्वनिक्षेपकावरून चाललेली असते. खाँसाहेबांच्या सनईपुढे माझे मस्तक नम्र आहे, पण त्यांच्या एका मुद्रिकेने आपल्या शंभर घरांची सुपारी गेली. आणि वरात निघाली की भिंतीएवढ्या कर्ण्यांचा डीजे येतो, ज्याने छातीतले ठोके चुकतात. सनईच्या ताटातला घास सॅक्सोफोनने कधीच घेतला नाही. उलट बँडवाल्यांनी क्लॅरिनेट व ट्रंपेट घेऊन आपल्या चाली रस्त्यारस्त्यांत जिवंत ठेवल्या, आणि त्यांवर कित्येक कुटुंबे जगली.

पूर्वी गुरवकीबरोबर जमिनीचा तुकडा असे, बलुते असे. पवनेच्या काठची ती शेते गेली, कारखाने आले, आपली मुले पाळीवर जाऊ लागली. वादनाला आता उत्पन्नाचा आधार राहिला नाही. आवड हाच एक आधार आहे. बारा तास घराबाहेर राहून आलेला मुलगा रात्री सनई हातांत घेतो, ही गोष्ट मला सॅक्सोफोनच्या प्रश्नापेक्षा फार मोठी वाटते. त्याला काय वाजवावेसे वाटते हे त्याने ठरविले, तर आपण त्याच्या हातून सनई हिसकावून घेणार काय?

परंतु तरुणांनाही दोन शब्द ऐकवावयाचे आहेत. केस वाढविले आणि काळा चष्मा लावला म्हणजे जाझ येत नाही. 'फ्यूजन' ह्या नावाखाली हल्ली जे चालते त्यातले पुष्कळसे मला कच्च्या पिठाच्या भाकरीसारखे लागते : राग अर्धा, ठेका अर्धा, आणि आवाज मात्र दीडपट. ज्याला वडिलांची सकाळची तोडी अर्धा तास वाजविता येत नाही, त्याने ती जाझमध्ये मिसळू नये. मिसळावयास त्याच्यापाशी आहेच काय? संबळाचे म्हणाल तर त्याचा ठेका जाझच्या झुकत्या लयीशी सहज जमेल असे मला वाटते, कारण तोही सरळ चालीने चालत नाही. पण गोंधळातील पारंपरिक ठेके म्हाताऱ्या मंडळींकडून एकेक करून उतरून घेतल्यावाचून नवे काही बसवू नये. त्यातले काही ठेके जाणणारी माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

म्हणून कार्यकारिणीपुढे माझी विनंती अशी. सॅक्सोफोन घ्यावा, परंतु तो मंडळाच्या मालकीचा असावा आणि ह्या दोघांना वापरावयास द्यावा, म्हणजे उद्या आणखी कोणास, विशेषतः आपल्या एखाद्या मुलीस, शिकावयाचे झाले तर तो उपलब्ध राहील. बदल्यात सनईवाल्या मुलाने वर्षभरात आपल्या वडिलांकडील पहाटेपासून शेजारतीपर्यंतचे सर्व वादन क्रमाने ध्वनिमुद्रित करून मंडळाकडे द्यावे. हल्ली हे काम खिशातल्या फोनवरही होते. संबळवाल्याने ठेके तसेच द्यावे. आणि त्यांचे जे काही नवे बसले असेल ते प्रथम ह्याच व्यासपीठावर, ह्याच ज्येष्ठांसमोर, पुढील संमेलनात वाजवून दाखवावे. ज्येष्ठांना पसंत पडले नाही तर ते तोंडावर सांगतील, त्याची चिंता नको.

ज्यांच्या घरी जुन्या सनया, चौघड्याची भांडी किंवा वडिलांच्या हातच्या चिजांच्या वह्या पडून असतील, त्यांनी चिटणीसांकडे नोंद करावी. आमच्या वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून दोनदा खुणावून गेल्या आहेत, तेव्हा मी आपली रजा घेतो.